ताटातली पोळी

“पोर कोठे शे, हाई कोनलेच सांगू नको व माय. चांगला मानूसले बी नही.”

भागाबाई, म्हणजे मेघाच्या सासूबाई, असं म्हणाल्या तेव्हा मेघा आपल्या वर्षभराच्या लेकाला वरणभात भरवत होती. सासूबाईंना जळी-स्थळी संशय, म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं. आणि ठिकाण दोन चांगल्या माणसांना सांगून टाकलं.

रविवारी दुपारी शाझियाचा फोन आला. “मेघा, ती घरात नाहीये.”

‘ती’ म्हणजे तक्रारदार मुलगी. तिचं नाव इथे येणार नाही. कायदा तसं सांगतो, आणि कायद्याने सांगितलं नसतं तरी आलं नसतं. ती आमदाराच्या संपर्क कार्यालयात कॉम्प्युटरवर बसायची. मतदारसंघ त्याला ‘भाऊ’ म्हणायचा. फाईल घेऊन बंगल्यावर ये, म्हणून भाऊने बोलावलं आणि दार लावून घेतलं. शुक्रवारी तिने गुन्हा नोंदवला. सोमवारी सकाळी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब होता. तोवर तिची वकील म्हणून मेघाने तिला जळगावातच, मेहरूणला, आपल्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, शाझियाकडे ठेवलं होतं.

लेकाला कडेवर घेऊन मेघा तिथे पोचली.

“कुणी आलं होतं?”

“मी अंघोळीला गेले होते गं. पाचच मिनिटं.”

“आरडाओरडा? ढकलाढकल?”

“काहीच नाही. चपला घालून गेली. बॅगसुद्धा इथेच आहे.”

म्हणजे ओढून नेलं नव्हतं. विश्वासाच्या माणसाने बोलावलं होतं. शाझिया सोडली तर ठिकाण दोघांना ठाऊक होतं: मेघाला वकिली शिकवणारे हितेंद्र सर आणि महिला मंचाच्या, यंदा महापालिकेच्या तिकिटासाठी धडपडणाऱ्या सुमनबाई अक्का.

सर मूळचे अमरावतीचे, एकटेच राहायचे. फोनवर तुटक बोलले. “मी कोर्टाच्या कागदांत आहे. भाऊच्या वकिलाने मला चहाला बोलावलंय, जातोय.”

“चहाला? आज?”

“समोरचा काय म्हणतो ते ऐकायला नको?”

मेघाच्या मनात सरांविषयीच शंका आली. तिने लगेच अक्कांना फोन लावला.

अक्का मात्र ऐकून रडायलाच लागल्या. “अगं बाई! मी आत्ता निघाले असते गं, पण घरात कानबाई बसवलीय. भाऊबंद जमलेत, रोट चुलीवर आहेत. तू पोलिसात जा, मी तुझ्या पाठीशी आहे.” कानबाई म्हणजे श्रावणात खानदेशात घरोघर बसवली जाणारी देवी, आणि रोट हा तिचा नैवेद्य.

पोलीस ठाण्यात निरीक्षक साहेबांनी मोबाईल पुढे सरकवला. “मॅडम, कशाला धावपळ करता? हा बघा व्हिडिओ. अख्ख्या जळगावात फिरतोय.”

मुलगी पंगतीत बसलेली. आजूबाजूला माणसं जेवतायत, चेहरे कॅमेऱ्यात नाहीत, नुसते हात. सगळ्यांच्या ताटात जाडजूड रोट आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. मुलीच्या पुढे पातळ पोळी, बटाट्याची भाजी. ती म्हणत होती, “मी शिरपूरला माझ्या सख्ख्या काकांकडे आहे. घरात कानबाई आहे. तक्रार गैरसमजातून झाली.” खाली तिचं नाव, गाव, सगळं.

“साहेब, तिची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.”

“किती जणांना धरू? जेलात जागा आहे का?”

“आणि अशा गुन्ह्यात परस्पर तडजोड होत नाही. ‘गैरसमज’ म्हटलं म्हणून केस मिटत नाही.”

“मुलगी सज्ञान आहे, स्वतः बोलतेय. अपहरण कुणाचं लिहू, तुमचं?” साहेब स्वतःच हसले.

उपनिरीक्षक नाजमीन मणियार हसल्या नाहीत. त्यांनी शिरपूरला फोन लावला. काकांच्या घराला कुलूप होतं. साहेब म्हणाले, “मूळ गावी गेले असतील कानबाईला.” विषय संपला. मेघाला वाटलं, या टेबलावर डोकं आपटावं. पण कडेवर लेकरू होतं.

सोमवारी सकाळी घरच्या कानबाईच्या पंगतीत भागाबाई ताटं वाढत होत्या. शेजारच्या कुंदाबाई बसायला आल्या होत्या. घरच्यांना रोट वाढला. कुंदाबाईंना भागाबाईंनी वेगळ्या डब्यातली पोळी दिली, आणि त्यांनी ती काही वाटून न घेता खाल्ली.

मेघाचा घास हातातच राहिला. लेकरू काय गिळतंय, कुणाच्या ताटात काय आहे, हे बघण्यात तिचं वर्ष गेलं होतं. आणि कालचं ताट तिला दिसलं नव्हतं!

तिने नाजमीनला फोन केला. “मॅडम, गाडी काढा. अक्कांकडे.”

अक्कांच्या दारात डफ वाजत होता. कानबाई डोक्यावर घेऊन मिरवणूक निघायच्या बेतात होती.

“काय गं, सापडली का?” अक्कांनी मेघाचे दोन्ही हात धरले. “शिरपूरलाच आहे म्हणे. असू दे बाई, सुखी राहो.”

“अक्का, एकच विचारते. तिला रोट का नाही वाढला?”

“बाहेरच्या पोरीला रोट देतात का कुठे? कानबाई कोपेल—”

डफ वाजत राहिला. अक्कांनी मेघाचे हात सोडले.

“सख्ख्या काकांचं घर असतं तर ती भाऊबंदकीतलीच,” मेघा म्हणाली. “तिच्या ताटात रोट असता. पोळी होती, म्हणजे घर परक्याचं. कानबाई असलेल्या परक्याचं. ती आपल्या पायाने गेली, म्हणजे बोलावणारं माणूस ओळखीचं. ठिकाण ठाऊक असलेले तिघं. शाझियाकडे कानबाई नाही, सरांकडे नाही. उरलं कोण, अक्का?”

“आमच्या शेजारीही कानबाई बसते,” नाजमीन म्हणाल्या. “ईदचा शिरखुर्मा आवडीने खातात. रोट मात्र आम्हाला कधी दिला नाही.” आणि त्या जिना चढल्या.

मुलगी माडीवर होती. बाहेरून कडी. जबाब दिलास तर धाकट्या बहिणीचाही व्हिडिओ फिरेल, असं तिला बजावलं होतं.

“पोरीच्या भल्यासाठीच केलं गं,” अक्का पुटपुटल्या. “कोर्टात काय काय विचारतात, तुला माहीत नाही का?”

“आणि महापालिकेचं तिकीट?”

अक्कांनी पदर डोक्यावर ओढला. “भाऊने शब्द दिला होता. वीस वर्षं सतरंज्या उचलल्या मी.”

“रोटाचा नेम मोडवला नाही तुमच्याने. पोरीला मोडताना हात नाही थरथरला?”

नाजमीननी त्यांना गाडीत बसवलं. मेघा मुलीला घेऊन कोर्टात पोचली.

हितेंद्र सर कोर्टाच्या पायरीवर उभे होते. चहा पिता पिता समोरच्या वकिलाने ‘मुलगी येणारच नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं. सरांनी तेवढ्यासाठीच तो चहा घेतला होता. संशय घेतल्याच्या लाजेने मेघाला त्यांच्याकडे बघवेना.

जबाब झाला. दार बंद करून, मुलीच्या वेगाने. भाऊ छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात भरती झाला. त्याच्या माणसांनी बाहेर आरती केली. व्हिडिओ अजून फिरतोच आहे. भाजीबाजारात मेघाला शिकलेसवरलेले लोक विचारतात, “पण ती बंगल्यावर गेलीच कशाला?”

म्हणून वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या ओळखीतली एखादी मुलगी तक्रार केल्यानंतर अचानक ‘नातेवाइकांकडे आराम करतेय’ असं कळलं, तर व्हिडिओवर भागवू नका. आजच तिच्याकडे जा. मधे कोणी कितीही गोड बोललं तरी दारातून परतू नका. तिला एकटीला भेटा, आणि घरी यायचंय का, एवढंच विचारा.