हाडीबंधूची साक्ष

भावग्राही पटनायक कटकहून चिलिका सरोवराच्या काठी आले ते एका साक्षीदाराला खोटं पाडायला. वकिलाचा धंदाच तो, त्यात वावगं काही नव्हतं.

ध्रुव बेहेरानं बायकोला, कुंतलाला, सरोवरात बुडवून मारलं म्हणून त्याला जन्मठेप झाली होती. मारताना कुणी पाहिलं नव्हतं. घाटावरचा म्हातारा नावाडी हाडीबंधू एवढंच म्हणाला होता, की धुक्याच्या सकाळी नवराबायको नावेतून गेली आणि परत आला तो एकटा ध्रुव. ध्रुव म्हणत होता, ती नावेत नव्हतीच. आता हायकोर्टात अपील होतं, आणि ध्रुवचे वकील होते पटनायकबाबू. अपिलात साक्षीदार समोर उभा राहत नाही, त्याचा नुसता जबाब वाचायचा. आणि हाडीबंधूच्या जबाबात नख शिरेल एवढी फट नव्हती. म्हणून बाबूंनी शक्कल काढली. तसंच धुकं, तोच घाट. आपण एकट्यानं नाव न्यायची आणि परत येऊन विचारायचं, काय दिसलं? म्हातारा अडखळला की युक्तिवादाला धार येणार होती.

पाणी उथळ होतं. बाबू बांबूनं नाव रेटत निघाले. थोड्याच वेळात घाट पुसला गेला. पक्षी गप्प होते. केवड्याचा वास येत होता, त्याखाली ओल्या कापडाचा. नाव एका बाजूला कलत होती. बाबूंना वाटलं, आपली सवय गेली. का कोण जाणे, त्यांना मागं बघवेना. भीती वाटली म्हणून त्यांना स्वतःचीच लाज वाटली, आणि त्यांनी नाव वळवली.

घाटावर हाडीबंधू उकिडवा बसला होता. शेजारी चहावाली माळती वाटाण्याची घुगुनी ढवळत होती.

"काय मौसा, काय दिसलं?" बाबूंनी हसत विचारलं.

"तुम्ही दिसलात, बाबू." म्हाताऱ्यानं नावेत डोकावून पाहिलं. "बाईंना कुठं उतरवलंत?"

"कुठली बाई?"

"तुमच्यामागं बसलेली. डोक्यावरून पदर होता..."

बाबूंनी उलटतपासणी सुरू केली. धुक्यात दिसतं का? काठाजवळ दिसतं. माझ्यावर राग आहे? छे, मी तुम्हाला आजच पाहतोय. कुणी पढवलं? म्हातारा नुसता हसला. आयुष्यभर बाबूंनी खोटे साक्षीदार उघडे पाडले होते. हा खरं बोलत होता, आणि ते त्यांना पक्कं कळत होतं. ध्रुवही खरंच बोलत होता. पण हे कोर्टात सांगायचं कसं?

"मीही पाहिली बाबू," माळती म्हणाली. "म्हटलं, बायकोला आणलं असेल. हौशी दिसतात." मग तिनं वळून हाक मारली, "प्रमिला! अगं ए प्रमिला!"

तिची सून. पाणी आणायला घाटाच्या पलीकडं गेली होती. घागर काठावर भरलेली होती. प्रमिला नव्हती.

हाका वाढल्या. कोळी जमले. एकानं बाबूंचा काळा कोट चाचपला. पाठ गच्च ओली होती, पुढून कोरडी.

"मौसा, तोंड पाहिलंस का तिचं?" बाबूंनी घाईनं विचारलं. "मग ती प्रमिला होती, असं कसं म्हणतोस?"

"मी कुठं म्हणतो तसं? दोघं गेलात, एकटे आलात. मी एवढंच सांगणार. बाकीचं कोर्ट बघेल."

"मी... मी एकटाच होतो रे!"

माणसं हळूहळू घाटाच्या पायऱ्या अडवून उभी राहिली. बाबूंच्या मागं फक्त पाणी उरलं.

तेवढ्यात मागं, अगदी जवळ, धुक्यात एक बाई खोकली.

"ऐकलंत? ती बघा... ऐकलंत ना?"

बाबू एकेकाच्या तोंडाकडं पाहू लागले. कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.