पायाच्या आधी सुई

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला प्लेटिंगचा कारखाना आणि मधल्या गाळ्यात संघमित्रा. ती गाड्यांची ताकद मोजायची. जमिनीत खड्डा करून तिने दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवून घेतले होते. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर चढवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची, की गाडी जागच्या जागी शंभरने धावायची. इंजिनात काय चाललंय ते लॅपटॉपवर रेघांनी उमटत जायचं. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान उतरायचं. गिऱ्हाइकं बोलता बोलता थांबायची, ती थांबायची नाही. प्लेटिंगवाल्याकडून येणारा आम्लाचा वास तर तिला आता कळतही नसे.

तिचे वडील अंबादास जालन्याहून मुंबईत आलेले, जन्मभर लेथवर राबलेले. मोजल्याशिवाय बोलू नये, ही त्यांची शिकवण. गाळ्यात बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांचा जुना मायक्रोमीटर अजून टांगलेला होता आणि संघमित्रा तो अजून वापरायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी प्रज्योत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन आला. प्रज्योत वेसाव्याचा कोळी. वडिलांच्या, महादूंच्या, दोन होड्या. बर्फाचं आणि मासळी बाजारात पोचवायचं काम तो बघायचा. पॉलिटेक्निकला तो आणि संघमित्रा एका बाकावर होते. त्याच्याकडे दोन माणसांची, छप्पर उघडणारी, राखाडी रंगाची परदेशी स्पोर्ट्स कार होती. हौसेने घेतलेली आणि बायको नमितापेक्षा जास्त लाडावलेली, असं नमिताच म्हणायची.

चादर उघडली. आत सुपरचार्जर होता. हाताच्या दोन पंजांएवढं ॲल्युमिनियमचं धूड, पुढे पट्ट्याची चक्री.

"गोवंडीला भंगारात मिळाला," प्रज्योत म्हणाला. "बघ ना, आत एक ओरखडा नाही."

संघमित्राने चक्री बोटाने फिरवली. ती आवाज न करता फिरली आणि फिरतच राहिली. कंपनीची पट्टी कोणीतरी कानशीने घासून काढली होती.

चैतन्य तिथेच बसला होता. मुलुंडचा, सॉफ्टवेअरमधला, कट्टर टर्बोवाला. दर रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती महामार्गावर गाड्या काढून मुलुंडला मिसळ खाणारी जी टोळी होती, तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा तो ॲडमिन. त्या ग्रुपवर लग्नकार्याच्या बातमीला दोन अंगठे यायचे, आणि टर्बो की सुपरचार्जर म्हटलं की दोनशे मेसेज.

"यार, टर्बो लाव ना," चैतन्य म्हणाला. "दोघांचं काम एकच, इंजिनात हवा कोंबायची. पण टर्बो फिरतो सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या धुरावर. हा तुझा भोपळा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिनाचंच खाणार आणि वर इंजिनालाच उपकार सांगणार."

"पण मागितलं की लगेच देतो," प्रज्योत म्हणाला. "तुझा टर्बो म्हणजे हाक मारल्यावर 'आलो, आलो' म्हणत चपला शोधणारा माणूस. पाय दाबा आणि वाट बघा."

"एक सेकंद रे!"

"तो एक सेकंदच सगळं असतो."

संघमित्रा दोघांच्याही बाजूने नव्हती. तिने आठवडाभर खपून सुपरचार्जर बसवला, पट्टा ताणला आणि गाडी रोलरवर चढवली. लॅपटॉपवर दोन रेघा ठेवल्या. तांबडी रेघ पायाची, म्हणजे पेडल किती दाबलं त्याची. निळी रेघ दाबाची, म्हणजे इंजिनात हवा किती जोराने घुसतेय त्याची. टर्बोच्या गाडीत तांबडी वर जाते आणि निळी मागून धावत येते. सुपरचार्जरमध्ये दोघी जवळजवळ हातात हात घालून चढतात.

इथे निळी पुढे होती.

फार नाही, सेकंदाचा दहावा भाग. तिने रेघा मोठ्या करून पाहिल्या. आधी दाब आणि मग पाय. सेन्सर बिघडला असेल म्हणून तिने सेन्सर बदलला. मग वायर, मग लॅपटॉप. शेवटी दोन्ही घड्याळं जुळवण्यात काही गफलत असेल अशी स्वतःची समजूत घातली आणि गाडी दिली.

पुढच्या तीन रविवारी प्रज्योतने सगळ्यांना पाणी पाजलं. चैतन्यच्या टर्बोलासुद्धा. ग्रुपची भाषा बदलली. 'म्हाताऱ्यांचा शौक' म्हणणारे आता 'फील काय आहे यार' म्हणू लागले. दोघांनी तर असाच सुपरचार्जर कुठे मिळेल म्हणून गोवंडी पालथी घातली. त्यांना तो भंगारवाला काही सापडला नाही.

प्रज्योत मात्र ग्रुपवर बोलेनासा झाला होता. संघमित्राकडे तपासणीला आला तेव्हा गाडीतून उतरायला त्याने वेळ लावला.

"तिला आधी कळतं गं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"गाडीला. मी पाय दाबायचं ठरवायच्या आधी. पहिल्यांदा मजा वाटली."

"आणि आता?"

त्याने चावी तिच्या हातात ठेवली.

तिने गाडी पुन्हा रोलरवर घेतली. निळी रेघ आता दोन सेकंद पुढे होती.

लॅपटॉपवर तिचा भरवसा उरला नाही. तिने कपाटातून जुना काट्याचा मीटर काढला. त्याला वायर नाही, वीज नाही. इंजिनाला एक रबरी नळी जोडायची, हवेच्या दाबाने सुई हलते. तो तिने काचेजवळ चिकटवला आणि प्रज्योतला बसवलं.

"मी मोठ्याने आकडे म्हणते. तुला वाटेल तेव्हा पाय दाब. मला आधी सांगू नकोस."

एक. दोन. तीन. चारला सुई उडी मारून वर गेली. प्रज्योतचा पाय सहाला दाबला गेला. पुन्हा केलं. सुई दोनला, पाय पाचला. दहा वेळा केलं आणि दहाही वेळा सुई बरोबर निघाली.

"उतर," संघमित्रा म्हणाली. "मी बसते."

दुपारचे बारा वाजले होते. शटर उघडं, रस्त्यावर टेम्पो लागलेला, छापखान्याची यंत्रं खडखडत होती. तिच्या मनात साधा हिशेब होता. सुई वर गेली की आपण पाय दाबायचाच नाही. मग सुई खोटी ठरेल आणि विषय संपेल.

गाडी रोलरवर संथ चालू होती. तिने पाय पेडलवर हलका ठेवला होता.

सुई वर गेली.

इंजिनाचा आवाज तसाच होता, संथ, घुमा. पण सुई शेवटच्या आकड्यावर जाऊन ताठ उभी राहिली होती. संघमित्राने पाय हलवला नाही. अर्धं मिनिट गेलं. मिनिट गेलं. सुई थरथरलीसुद्धा नाही. मानेवरून घामाचा थेंब ओघळत पाठीत गेला, आणि तिला एकदम वाटलं, की ही सुई काही दाखवत नाहीये. ही वाट बघतेय.

प्लेटिंगवाल्याकडे कुणाच्या तरी हातून रिकामं पिंप निसटलं. धाडकन आवाज झाला. ती दचकली आणि तिचा पाय खाली गेला.

इंजिन ओरडत वर आलं आणि त्याने सुईला गाठलं. सुई मात्र जागची हलली नाही. ती बरोबरच होती.

संघमित्राने चावी फिरवली. इंजिन बंद झालं, रोलर घरघरत थांबले. हवा कोंबायला आता काहीच फिरत नव्हतं. तरीही सुई सावकाश उठली.

दोघंही बघत राहिले. बंद गाडीत सुई शेवटच्या आकड्याला टेकली. संघमित्राचे ओठ आपोआप आकडे म्हणत होते. अकरा झाले आणि सुई खाली पडली. शून्यावर.

"हे कुणाचं?" प्रज्योतने विचारलं. "आत्ता तर कुणी पाय दाबलाच नाही."

"अजून नाही," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

त्याच संध्याकाळी तिने सुपरचार्जर उतरवला. प्रज्योत आधी हो म्हणाला होता. बोल्ट सुटायला लागले तसा बिथरला. "राहू दे ना. मी हळू चालवीन." मग, "गाडी माझी आहे, संघमित्रा." ती थांबली नाही. सुपरचार्जर तिने लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं, गाडीला मूळचे पाइप जोडले आणि मीटरची सुई शून्यावर आहे याची तीनदा खात्री केली. तो गाडी घेऊन गेला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की मरोळच्या मॅडम टर्बोवाल्यांना फितूर झाल्या. खाली हसण्याच्या तेवीस चित्रांची रांग लागली. तिने ग्रुप सोडला.

त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी आठला चैतन्यचा फोन आला. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"प्रज्योतला लागलंय. पाय... दोन्ही पाय. मला काही नाही झालं गं. मला काहीच कसं नाही झालं?"

"कुठली गाडी होती?"

"माझी."

हळूहळू सगळं कळलं. प्रज्योत सुपरचार्जर काढल्यापासून उदास होता, म्हणून चैतन्यनेच मोठ्या मनाने आपल्या गाडीची चावी त्याच्या हातात दिली. चल, आज माझा टर्बो बघ. घाटकोपर सोडून विक्रोळीपर्यंत दोघं हसत-भांडत आले. रस्ता मोकळा होता. मग भांडुपच्या पुढे गाडीने एकदम ओढ घेतली.

"टर्बोला वेळ लागतो, तुला माहितीये," चैतन्य म्हणाला. "पाय दाबला तरी एक सेकंद काही होत नाही. आणि त्याने पाय दाबलाच नव्हता, संघमित्रा. मी बघत होतो. त्याने पाय उचलून मागे घेतला होता. दोन्ही पाय. तरी गाडी..."

"किती वेळ?"

"काय किती वेळ?"

"धडकेपर्यंत."

"मला काय माहीत! दहा सेकंद. बारा."

तिने फोन ठेवला. गाळ्यावर जाऊन लोखंडी कपाट उघडलं. सुपरचार्जर होता तसाच होता, थंड. चक्रीला हात लावायचा तिला धीर झाला नाही. तिच्या हिशेबात पहिल्यापासून एक चूक होती. जे काही होतं ते यंत्रात आहे असं ती धरून चालली होती.

शनिवारी दुपारी ती अंधेरीच्या इस्पितळात गेली. प्रज्योतला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं होतं. पाय प्लास्टरमध्ये, चेहरा सुजून पिवळा पडलेला, डोळे मात्र स्वच्छ. खिडकीबाहेर कुठल्याशा बांधकामाचं हिरवं कापड फडफडत होतं.

ती दार लोटून आत आली.

"बरं आहे," तो म्हणाला. "उजवा पायच तेवढा ठणकतो."

"कसा आहेस?" तिने विचारलं. शब्द तोंडातून निघाले आणि ती जागच्या जागी थबकली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओशाळवाणं हसला.

"खाली गेलीय. औषधं आणायला."

नमिता कुठे आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. खुर्ची ओढून बसली. सलाईनचे थेंब पडत होते. तिने ते मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"नमिताला वाटतं, औषधांमुळे बडबडतो," तो म्हणाला. "मी हल्ली डोळे मिटूनच पडतो, म्हणजे माणसं जास्त बोलत नाहीत."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. हात ऊबदार होता, साध्या माणसाच्या हातासारखा.

मग बराच वेळ तो छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी आलं आणि कानांकडे ओघळलं.

"नाही," तो हळूच म्हणाला. "तू नाही. चैतन्य."

संघमित्राने काहीही विचारलं नव्हतं. तिच्या मनातसुद्धा काही नव्हतं. आता मात्र होतं: पुढची पाळी माझी का? तिने दात आवळले, ओठ मिटले.

"मंगळवारी," प्रज्योत म्हणाला.

ती उठली. खुर्ची फरशीवर करकरली. ओठांवर तळहात घट्ट दाबून ती दाराकडे गेली. दाराची मूठ फिरवताना मागून तिसरं उत्तर आलं. तो तिला दुखवू नये अशा बेताने बोलत होता.

"सांगून काही उपयोग नाही गं."

बाहेर बाकावर चैतन्य मांडीवर रुमाल पसरून प्रज्योतसाठी मोसंबी सोलत बसला होता. एकेक फोड सुटी करून तो तिच्यावरच्या पांढऱ्या शिरा निवांतपणे काढत होता.