नकाराचं बटण

आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर समोरासमोर आहेत. एकावर नियम ठरतात, दुसऱ्यावर कोड लिहिला जातो. म्हणजे राज्य माझं आणि हमाली दादाची. गेल्या रविवारी दुपारी आम्ही आमच्या ऑनलाइन गेममधला अदलाबदलीचा चौथरा तपासत होतो. गेम अजून या दोन कॉम्प्युटरांबाहेर गेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवते.

एकदा दुसऱ्या गेममध्ये कुणीतरी फुटकी ढाल देऊन माझी सोन्याची तलवार लांबवली होती. तेव्हापासून न्याय हा माझा विषय. माझा नियम असा: वस्तू जितके दिवस तुमच्याजवळ, तितकी तिची किंमत. दोन्हीकडचे दिवस सारखे असतील तरच अदलाबदल. आणि लोक ताटकळत ठेवतात म्हणून, साठ सेकंदांत नकार आला नाही तर होकार धरायचा. नकाराचं बटण दादा 'उद्या करतो' म्हणाला होता. त्याचा उद्या सगळ्या घराला माहीत आहे.

चौथऱ्यावर आम्ही दोघंच. तेवढ्यात तिसरा आला. नाव नाही, अंगभर करडा. त्याने वस्तू ठेवली: 'निळी चप्पल, उजवी. ८१२ दिवस.'

मला वाटलं हा दादाचा चावटपणा, त्याला वाटलं माझा. एकमेकांचा उद्धार करून होतोय तोवर आतून बाबांनी विचारलं, "माझी एक चप्पल कुणी पळवली?"

मी दोन दिवसांची बादली ठेवून पाहिली. चौथऱ्याने ती परत केली. घाबरायचं सोडून मला माझ्या नियमाचा अभिमानच वाटला.

"तुझ्याकडे एवढं जुनं काय आहे?" दादा म्हणाला. "उवा?"

"तू आहेस की."

तपासणीपुरती कुठलंही नाव टाईप करायची सोय होती. मी टाईप केलं: दादा. दिवस चौथऱ्याने आपणहून भरले, ५,५३४. दादाने हिशेब केला. बरोबर माझं वय निघालं. आम्ही फिदीफिदी हसलो.

समोरची चप्पल गेली. तिच्या जागी आलं: 'ताई. ५,५३४ दिवस.'

करड्याने कबूल दाबलं. घड्याळ सुरू झालं.

मला लहानपणापासून ताई हवी होती, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

नाव खोडता येईना. गेम बंद होईना. दादा हसायचा थांबला आणि प्लग काढायला टेबलाखाली शिरला.

अकरा.

"सापडला का?" मी विचारलं.

तीन.

"फार घट्ट बसलाय गं," खालून आवाज आला. दादाचा नव्हता.

केसांतलं जळमट झटकत ताई वर आली. तिच्या उजव्या पायात बाबांची निळी चप्पल होती. आतून आईने तिला चहाला हाक मारली, जन्मभर मारत आल्यासारखी.

ताई चांगली आहे. माझ्या वेण्या घालते. उवांवरून चिडवत नाही. घर फार शांत असतं.

तरी शाळेतून आले की मी रोज चौथऱ्यावर 'ताई' ठेवून बसते. काल करडा आला. त्याने 'दादा' ठेवला. त्यालाही तो सहन होत नसणार. सहा दिवस, सहा दिवस. मी कबूल दाबलं. त्यानेही दाबलं.

काहीच झालं नाही. खाली एक नवी चौकट उघडली: 'वस्तूची संमती'.

"ती मी घातली," मागून ताई म्हणाली. "न्याय म्हणजे सगळ्यांना हवा ना? आणि नकाराचं बटण राहिलं होतं, तेही केलं."

माझ्या खांद्यावरून हात लांब करून तिने ते हलकेच दाबलं.