कुतुबचाचांचा कलप

शुक्रवारी सकाळी दहा वाजता हंबीरराव इनामदारांच्या घरात पडद्याआडून बारावा हात बाहेर आला. त्या घरात बांगड्या भरणाऱ्या जणी अकराच होत्या.

साल १९०९, शाहू महाराजांचं राज्य, श्रावणाचे दिवस. शनिवार पेठेतल्या या घरात गोषा कडक होता. बायका पडद्याच्या आत बसत, फटीतून एकेक हात बाहेर येई आणि बाहेर सतरंजीवर बसलेले कुतुबुद्दीन मणेर त्यात बांगड्या भरत. कोल्हापुरातल्या अशा सात घरांत त्यांना जाता येई, ते केवळ दाढीच्या जोरावर. ती चाळिशीतच पांढरी झाली होती. काळ्या दाढीचा मणेर देवडीवरूनच परत जायचा. पांढऱ्या दाढीच्या माणसाला मात्र कुणी पुरुषांत धरत नसे, म्हणून त्याच्या हातात हात द्यायला हरकत नव्हती. कुतुबचाचा आता अठ्ठावन्न वर्षांचे होते. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अठरा वर्षं या घरात येऊन त्यांनी एकही चेहरा पाहिला नव्हता.

हा बारावा हात सडपातळ होता. मनगट रिकामं. तर्जनीवर रेशमी दोऱ्याने पडलेल्या बारीक खाचा, अंगठ्याचं मूळ जरा सुजलेलं.

"सांगा की चाचा, किती वर्साचा हात हाय?" आतून धोंडुबाई खिदळली. ती घरातली जुनी कामवाली. हात बघून वय सांगायचा हा खेळ दर श्रावणात व्हायचा आणि चाचा आजवर कधी चुकले नव्हते.

त्यांनी हात तळहातावर घेतला. अंगठ्याचं मूळ हलकेच दाबलं. वय त्यांना लगेच कळलं.

"पंचविशीतला," ते म्हणाले.

पडद्याआड हसू फुटलं. मग त्या हाताचा आवाज आला, सावकाश, जरासा खर्जातला.

"पंचविशी दोनदा व्हत आली, मियाँ. तुमचे डोळे गेले का अक्कल?"

"डोळे हायत, बाई. अक्कल… आत्ता गेली."

आत कुणीतरी तोंडात पदर कोंबून हसलं. हात तेव्हाच मागे जायला हवा होता. गेला नाही… लगेच तरी नाही.

"मला भरायच्या न्हाईत," आवाज म्हणाला. "या पोरींनी गंमत केली."

"ठाऊक हाय. मनगट सांगतंय."

अर्ध्या तासाने ती देवडीत भेटली. बाहेर भुरभुर लागली होती. मेहमुदा पटवेगार. साज, मोहनमाळा रेशमात गाठून द्यायचं तिचं काम. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा रशीद याच धंद्यात. ओढणी कपाळापर्यंत ओढून ती उजेडाकडे तोंड करून बसली होती. एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा, आणि दोरा दर वेळी सुईच्या बाजूने निघून जात होता.

"द्या इकडं," चाचा म्हणाले.

"दिसतंय का तुम्हाला तरी?"

त्यांनी सुई नाकापाशी नेली, मग हातभर लांब धरली. दोरा ओला केला, पुन्हा केला. मेहमुदा गालात हसत होती.

"चार डोळे आनि एक सुई," ती म्हणाली. "तरी हाल बघा."

चाचांनी मग डोळे मिटून घेतले. नखाने नेढं चाचपलं, बोटांच्या टोकावर दोरा सरकवला. गेला! काचेच्या बांगड्या चाळीस वर्षं हाताळलेली बोटं होती ती.

मेहमुदाचं हसू ओसरलं. सुई घेताना ती हळूच म्हणाली, "रशीदला कळू देऊ नका. अम्माला दिसत न्हाई म्हटलं की काम काढून घेईल. वाईट न्हाई तो… पर उद्यापास्नं मला कोपऱ्यात बसवील. तस्बीची माळ देईल हातात. आनि मग मेलं काय न् बसलं काय, एकच की."

चाचांनी मान हलवली. ते म्हणाले, "दर गुरुवारी तुमच्या गल्लीतनं जातो मी."

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी ते तिच्या उंबऱ्याबाहेर टेकायचे. रशीद तेव्हा गुजरीत सोनारांकडे असायचा. मेहमुदा आठवड्याच्या सुया पुढे करायची. लाल, हिरवा, काळा दोरा— चाचा डोळे मिटून ओवत आणि उशीत टोचून ठेवत. बोलणं फार नव्हतं. पण ते गल्लीच्या तोंडाशी वळले की ती चहाचं आधण ठेवायची.

"एवढ्या लांबनं कसं कळतं, मीच आलो म्हणून?" एकदा त्यांनी विचारलं.

"कळतं."

"पायरव?"

"न्हाई."

"मग?"

"सगळंच सांगायचं असतं व्हय, मियाँ?"

तो गुरुवार चाचांना पुढचे सात दिवस पुरला.

दसरा झाला. पाऊस सरला. चाचांच्या मनात निकाहचा विचार येऊन आता ठाण मांडून बसला होता. अडचण एकच. तसबिरीच्या दुकानातल्या आरशात त्यांनी स्वतःला पाहिलं तर समोर एक म्हातारा उभा होता. म्हाताऱ्याने मागणी घातली तर बाई होकार देईलही, पण दयेने. दया त्यांना नको होती. तिला एकदा तरी त्यांच्याकडे बघून लाजायला लावायचं होतं. बुधवारी त्यांनी अत्ताराच्या दुकानातून कलप आणला आणि रात्रभर दाढीला फडकं बांधून झोपले. आपली सात घरं पांढऱ्या दाढीवर चालतात, हे त्यांच्या मनातही आलं नाही. सकाळी दाढी काळीभोर झाली होती.

गुरुवारी दुपारी ते गल्लीत वळले. समोरून मेहमुदाच येत होती, कमरेवर घागर घेऊन. चाचा थांबले. हसले. ती तीन हातांवर आली, ओढणी नाकापर्यंत ओढली, भिंतीकडे तोंड वळवलं आणि झपाझप पुढे निघून गेली.

चाचा तिथेच उभे राहिले. मग हाक न मारताच परत फिरले. त्या दिवशी सुया ओवल्या गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते इनामदारांच्या देवडीवर पोचले.

"कोण पावणं?" धोंडुबाईने विचारलं. मग तिने कपाळावर हात मारला. "आगं बया! चाचा! ह्ये काय थेर?"

आत अकरा जणी पडद्यामागे बसल्या होत्या. पहिला हात बाहेर आला, धोंडुबाई काहीतरी कुजबुजली आणि हात झटकन आत गेला. मग घरातल्या थोरल्या आक्कासाहेबांचा आवाज आला.

"चाचा, दाढी कुणासाठी रंगवली?"

आजारपणाचं, हकिमाच्या औषधाचं, काहीही सांगता आलं असतं. पण आदल्या दुपारपासून त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. ते खरं बोलून गेले.

"माझ्यासाठी, आक्कासाहेब. मला… अजून जगावंसं वाटतं."

"वाटू दे की. कुणी नको म्हटलंय?" आवाज रागाचा नव्हता. "पण आम्ही म्हाताऱ्याच्या हातात हात देत होतो. गडीमाणसाच्या नव्हे. या आता तुम्ही."

संध्याकाळपर्यंत उरलेल्या सहाही घरांत बातमी पोचली होती.

पाच दिवस चाचा घराबाहेर पडले नाहीत. सहाव्या दिवशी, गुरुवारी, तोंड का फिरवलं ते तरी विचारावं म्हणून ते गल्लीत गेले. मेहमुदा उंबऱ्यात बसली होती. पुढ्यात सुयांची उशी, एकाही सुईत दोरा नाही.

"कोण हाय?" तिने विचारलं.

"मी."

"मियाँ? आवाज तुमचा… तोंड कुणाचं?" ती उठून अगदी जवळ आली, वीतभर अंतरावर, आणि डोळे बारीक करून बघत राहिली. "या अल्ला! हे काय करून घेतलं?"

"गेल्या गुरुवारी तुम्ही समोरनं गेलात. बघून न बघितल्यासारखं."

"तो तुम्ही होता?" ती थबकली. "मला वाटलं, कुठला टगा मेला वाट अडवून दात काढतोय! तोंडावर घागर घालणार होते त्याच्या."

आणि ती हसू लागली. ओढणी तोंडावर दाबून, भिंतीला टेकून, हसतच राहिली. मग हसताहसता तिचा आवाज मोडला.

"मला लांबचं माणूस दिसत न्हाई, मियाँ. गल्लीच्या तोंडाला नुसतं धुरकट दिसतं. त्या धुरकटात काही पांढरं हलायला लागलं की मी म्हणायची… आले." तिने त्यांच्या दाढीकडे हात नेला आणि हवेतच थांबवला. "तेवढंच दिसत होतं मला. तेच तुम्ही पुसून टाकलंत."

चाचांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"निकाह—"

"व्हय," ती म्हणाली. लाजली नाही, खाली बघितलं नाही. "कधीची व्हय म्हणून बसलेय. विचारायला एवढा उशीर कशाला केला? या वयात?"

"आनि खानार काय?" मागून आवाज आला. गुजरीतून परतलेला रशीद गल्लीत उभा होता. किती वेळ, कुणास ठाऊक. त्याच्या हातात एक मोहनमाळ होती. तिच्या गाठी वेड्यावाकड्या पडल्या होत्या. "सोनारानं परत दिली. अम्मा, तुला दिसत न्हाई ते मला त्यानं सांगायचं? आनि चाचा, तुमची सातही घरं सुटली, अख्खी पेठ बोलतेय. तिला दोरा दिसत न्हाई, तुम्हाला दार उघडत न्हाई. निकाह लावाल, मग?"

"मी बाजारात बसेन," चाचा म्हणाले.

"बाजारात पंचविशीतले मणेर बसतात. बाया तिथं हात पटकन भरून मागतात." त्याने माळ आईच्या हातात ठेवली. आवाज खाली आला. "अम्मा, मी हाय की. तुला काय कमी केलं मी? कशाला हसं करून घेतेस? बस ना आता आरामात."

मेहमुदाने सुयांची उशी उचलून त्याच्या हातात दिली. हसणारी बाई क्षणात किती थकलेली दिसू शकते, ते चाचांनी त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात धोंडुबाई चाचांच्या खोलीवर निरोप घेऊन आली.

"आक्कासाहेब म्हंत्यात, रंग उतरू द्या. संक्रांतीला बांगड्या भरायच्या हायत. पांढरी झाली की या, मागलं सगळं इसरलं."

चाचांचा चेहरा उजळला. "आनि त्या पटवेगारीणबाई—"

"त्येच सांगाया आले." धोंडुबाई उंबऱ्यात टेकली. "लगीन-बिगीन न्हाय. नव्यानं नवरा झालेला मानूस पोरींच्या हाताला नको, म्हंत्यात. म्हातारं ऱ्हायचं तर म्हातारं ऱ्हावा, न्हायतर नवरा व्हा. दोन्ही न्हाय जमायचं."

"तुला काय वाटतं, धोंडुबाई?"

"मला?" तिने पदराने कपाळ पुसलं. "मला साठ वर्सांत कुनी इचारलंच न्हाय की वो, चाचा."

मार्गशीर्ष निम्मा झाला तेव्हा दाढी मुळांशी दोन बोटं पांढरी आणि खाली काळी झाली होती. रविवारी सकाळी रशीदने आईला बैलगाडीतून कुरुंदवाडला, आपल्या लग्न झालेल्या बहिणीकडे, सलमाकडे पोचवलं. किती दिवसांसाठी, हे त्याने गल्लीत कुणाला सांगितलं नाही. मेहमुदाने गाडीत बसताना गल्लीच्या तोंडाकडे पाहिल्याचं शेजारच्या दोघी सांगतात. तिला काय दिसलं असेल, ते त्यांना सांगता येत नाही. चाचा त्या वेळी तिथे होते, असं एक जण म्हणतो. नव्हते, असं दुसरा.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वडगावचा बाजार. त्या दिवशी सकाळच्या गाडीला कुतुबुद्दीन मणेर बांगड्यांची पेटी घेऊन स्टेशनावर दिसले. त्यांनी हातकणंगल्याचं तिकीट काढलं. तिथून एक रस्ता वडगावच्या बाजाराला जातो, दुसरा कुरुंदवाडला, मेहमुदाच्या दिशेला. संक्रांतीच्या आदल्या शुक्रवारी इनामदारांच्या घरी पडदा लावून सतरंजी घालण्यात आली. दहा वाजून गेले तरी चाचांच्या खोलीला त्या सोमवारपासूनचं कुलूप तसंच होतं, असं धोंडुबाई बघून आली.