दिवस दिसेपर्यंत

त्या किल्ल्याचा जिना असा अरुंद, की वरच्यानं ढेकर देली तर खालच्याची टोपी उडे. गोल गोल, अंधारा, आन् दगड असे गार की हात लावला तर बोटं तिथंच राहून जातील.

अशा जिन्यात पंचफुला अडकली होती. केनवडची पंचफुला, शेषरावची पोट्टी. बाहात्तरचा दुष्काळ सरला तसा तिले सरकारी वजिफा मिळाला आन् ती मातीचं शिकाले थेट स्कॉटलंडात गेली. परदेशी पोट्ट्यांची एक दिवसाची सहल निघाली होती. टोपीवाली बाई खाली कोण्या राजानं कोण्या राजाचं मुंडकं कुठी उडवलं ते सांगून राह्यली होती. मुंडकी मोजून पंचफुला कंटाळली, म्हणून एकलीच बुरुजाकडे निघाली.

निम्म्या जिन्यात खालून धाडधाड पावलं आली. कोणतरी येऊन तिच्या पाठीवर आदळलं आन् अंधारात आवाज आला —

"अर्रर्र... सरका ना बाप्पा, दिवस बुडून राह्यला."

पंचफुला जागच्या जागी थिजली. सात समुद्र ओलांडले, वर्षभर मराठी कानावर नाही, आन् या भुताच्या बिळात वऱ्हाडी?

"सरकू कुठी?" ती म्हणे. "भिंतीत?"

आता तो थिजला. मग हळूच म्हणे, "तुमी... वाशीमकडच्या काय वो?"

"केनवडची. आन् तुमी कोन? वाशीमचं भूत?"

"भूत नाई. पदमचंद. पन्नालालजीचं कापडाचं दुकान नाई का बाजारात, त्यांचा पोरगा. सूत-कापडाचं शिकाले आलो. पन बोलणं मंग करू, अगोदर वर चाला. चाला ना... हात जोडतो."

हात जोडाले त्याले जागा नव्हती, पण आवाज असा काकुळतीचा की पंचफुला धावली. पुढे ती, मागे तो, आन् त्याच्या काखेत डबा खडखडून राह्यला.

बुरुजावर वारा असा की उभ्या माणसाचं नाव उडून जावं. पण पश्चिमेले डोंगराच्या कडेवर सूर्य होता — पिवळा, पातळ, भाकरीच्या कोरेएवढा. पदमनं त्याले पाह्यलं, छातीवर हात ठेवला, फतकल मारून बसला आन् डबा उघडला.

"हे कायले?" पंचफुला म्हणे. "खाली जागा नव्हती जेवाले?"

"खाली दिवस बुडला. इथी अजून दिसते." तोंडात पुरी कोंबत तो म्हणे. "आमी जैन, दिवस बुडाल्यावर खात नाई. आमच्या बाईले वचन देलं हाये. आता या देशाचा सूर्य असा आळशी, हिवाळ्यात दुपारच्या चहालेच घरी जाते. आज थ्या टोपीवालीचे राजे संपेचना. भुकेनं मी सहावा राजा होऊन मरत होतो."

आईले तो बाई म्हणे. त्यांच्यात तशीच रीत.

पंचफुला कमरेवर हात ठेवून हसली. "म्हंजे खाली बुडला, वर नाई बुडला. तुमच्या धरमाले जिना हाये म्हणा."

"बाई म्हणे, डोयाले दिवस दिसेपर्यंत खाजो. जमिनीवरूनच पाह्यजो, असं नाई म्हणे."

"वाशिमात आता रात झाली. तुमची बाई घोरत असन."

"बाई घोरत नाई," तो गंभीरपणे म्हणे. "बापूजी घोरतात."

तिनं एक पुरी उचलून पाह्यली. त्यानं स्वतः तळलेली. अशी पुरी, की किल्ल्याच्या भिंतीले लावली असती तर तोफेचा गोळा लाजून परतला असता.

"हिले काही लावून तर खा. कोरडी पोटात गेली तर आतडी खरचटतील." तिनं झोळीतून काचेची बाटली काढली. जवसाची चटणी, तिच्या मायनं, लिलाबाईनं केलेली. शिक्षण सरेपर्यंत टिकावी म्हणून मायनं लसूण घातला नव्हता. पदमचा हात पुढे आला, आन् तिनं बाटली मागे ओढली.

"थांबा. अगोदर आइका. बाप शेषराव, छप्पन सालापासून आमी बौद्ध. त्याच्या अगोदर आमी कोन होतो ते वाशीमच्या बाजाराले मालूम हाये. तुमच्या दुकानात माह्या बापाले ओट्याखाली उभं करूनच कापड दाखवत. मायच्या हातची चटणी हाये. आता सांगा, लावू का?"

वारा थांबला नाही, पण पदमचं चावणं थांबलं. त्यानं तिच्याकडे पाह्यलं. तिच्या डोळ्यात सूर्य होता — तेवढाच, कोरेएवढा.

"लसूण?" त्यानं विचारलं.

"नाई."

"मंग लाव ना व. दिवस चालला."

तिनं लावली. त्यानं खाल्ली. डोळ्यात पाणी आलं, ते तिखटानं की वाऱ्यानं, त्यानं कधीच कबूल केलं नाही. डोंगरानं सूर्य गिळला तेव्हा पदमच्या ओठावर जवसाचा एक दाणा होता. पंचफुलाले तो दाणा दिसला... आन् बोट पुढे गेलं... आन् अर्ध्यात थांबलं. त्यानंच ते बोट धरलं.

"गार हाये," तो म्हणे.

"मंग सोड."

"नाई सोडत."

तिनंही ओढलं नाही. पण जीभ तिची बापाची होती.

"बुरुजावर हात धराले काय लागते, पदमचंद? इथी पाहाले कावळाबी नाई. खाली गोऱ्यांच्या देशात कोनीही कोनाची चटणी खाते. वाशिमात खाशीन?"

"खाईन ना."

"लपून?"

तो बुडल्या सूर्याकडे पाहाले लागला. तिनं बोट काढून घेतलं.

"तवाच म्हणते. किल्ल्यावरचा मर्द मले नको. चारचौघात, तुह्या बाजारासमोर, माह्यं नाव घे, माह्या बापाचं नाव घे, गावाचं नाव घे, आन् मले जेवाले हाक मार. तवर आपण वऱ्हाडी बोलाले सोबती. बस."

आन् खरंच बस. पुढचं दीड वर्ष दोघं भेटले, नदीकाठी हिंडले, भांडले, बर्फात पडले. त्यानं तिले पातळाच्या सुताचा पीळ ओळखाले शिकवलं, तिनं त्याले पुरी मऊ कशी करायची ते शिकवलं. रोज दुपारी सूर्य कलला की तो बाटलीकडे पाहे. ती बाटली झोळीत घाले. अर्धी चटणी तिनं तशीच राखली.

परतताना अकोल्याहून वाशीमच्या गाडीत एकाच डब्यात बसले. काटेपूर्णेचा पूल गेला तसा पदम बोलायचा कमी झाला. वाशीम जवळ आलं तसा खिडकीतून नुसता पाहत राह्यला.

"मी माह्या दारानं उतरते," पंचफुला म्हणे. "आठवण देणार नाई. आठवण द्याव लागन, असं वचन मले नको."

"पंचे..."

"गाडी थांबली. उतर."

फलाटावर एकीकडे अख्खा कापडबाजार, हार, पेढे, मधात पन्नालालजी पांढऱ्या टोपीत. दुसरीकडे केनवडची बैलगाडीभर माणसं, निळा झेंडा, झेंडूचा हार घेतलेला शेषराव. मधात सामान तोलाचा काटा. काट्याच्या इकडचं कोणी तिकडे गेलं नाही, तिकडचं इकडे आलं नाही.

पंचफुलाच्या गळ्यात हार पडला. बाप रडून राह्यला होता, माय गालावरून हात फिरवून राह्यली होती, पण पोट्टीचे कान पलीकडे.

पलीकडे जतनबाई, पदमची बाई, स्टीलचा डबा उघडून उभी. "सकाळपासून उपाशी असशीन रे. घे, दिवस बुडला वाटते... गेला का?" दिवस मालधक्क्याच्या छपराआड गेला होता. जतनबाईचं तोंड उतरलं.

पदम बाईच्या पाया पडला, बापूजीच्या पडला. मग वळला आन् चालाले लागला. ना इकडे, ना तिकडे. फलाटाच्या टोकाकडे, जिथं इंजिनाले पाणी पाजायची उंच टाकी होती.

गेला, पंचफुला मनात म्हणे. पळाला. हार एकदम जड झाला. तिनं मान ताठ केली, कारण शेषरावच्या पोरीची मान अशा वेळी ताठच होते.

मग लोखंडी शिडी वाजली.

अख्ख्या फलाटानं माना वर केल्या. विलायती सूट, विलायती बूट, आन् पन्नालालजीचा पोरगा माकडासारखा टाकीवर. तिथून त्यानं पश्चिमेले पाह्यलं, तोंडाभोवती हात धरले आन् अशी आरोळी ठोकली की इंजिनानं शिटी गिळली.

"केनवडच्या शेषरावजीची पंचफुला! मायच्या हातची चटणी घेऊन वर ये. दिवस अजून दिसते. मले भूक लागली."

कापडबाजारात पेढा पडला तरी ऐकू आला असता. शेषरावनं डोळे पुसले. "कोन होय व हा?"

"बुरुजावरचा होय, बाबा."

"हाक तर बरी मारते. पन वरून मारते."

"खाली दिवस बुडला हाये, बाबा."

शेषरावनं टाकीकडे पाह्यलं, पोरीकडे पाह्यलं, आन् बाजाराकडे तर लई वेळ पाह्यलं. "जा," तो म्हणे. "आपली चटणी त्याले पचते का ते पाहू. पन पदर खोच, शिडी खराब हाये."

पंचफुलानं पदर खोचला, दातात झोळी धरली आन् चढली. खालून पन्नालालजी ओरडले, "पदम, उतर खाली. नाही तर दुकानाची पायरी चढू नको."

"जेवून उतरतो, बापूजी," वरून आवाज आला.

टाकीवर वारा होता, पण त्या वाऱ्याले बाभळीचा वास होता. दूर तुरीच्या शेतापार सूर्य टेकला होता, तेवढाच, कोरेएवढा. तिनं बाटली उघडली. त्यानं खिशातून रुमालात बांधलेली पुरी काढली. मऊ होती. तिनं चटणी लावली आन् या वेळी त्याच्या ओठावरचा दाणा सगळ्या वाशीमसमोर बोटानं टिपला.

खाली बायकांनी तोंडाले पदर लावले. "जतनबाई," कोणीतरी म्हणे, "पोरानं तोंड काळं केलं."

जतनबाईनं हातातला डबा झाकला, दोन पावलं पुढे गेली, काट्याच्याही पलीकडे, लिलाबाईच्या शेजारी जाऊन उभी राह्यली आन् कपाळावर हात धरून वर पाह्यलं.

"पदम," ती म्हणे, "दिवस खरंच दिसते का रे तिथून?"

पदमच्या तोंडात घास होता. म्हणून पंचफुलानं खाली वाकून सांगितलं.

"दिसते, बाई. अजून लय हाये."

"मंग खाऊ दे त्याले पोटभर. आन् तूबी खा व, पोट्टी. उपाशी दिसतं."

सांगणारे सांगतात की त्या दिवशी वाशिमात सूर्य टेकला तो टेकलेलाच राह्यला. बाटलीचा तळ बोटानं पुसून होईपर्यंत तो हलला नाही. खाली फलाटावर कंदील लागले होते, हे खरं आहे. पण कंदिलाचं काय एवढं... टाकीवरून दिवस दिसत होता.