उसने ठोके

मनगटावर बांधायच्या पट्ट्या तपासणं हे माझं काम. पट्टीच्या पोटातला हिरवा उजेड कातडीत शिरतो, रक्ताची हालचाल टिपतो आणि पडद्यावर नाडीचा आकडा उमटतो, शेजारचा ठिपका दर ठोक्याला लुकलुकतो. आमच्या कंपनीने या पट्ट्या तपासल्या त्या ऑफिसातल्याच मऊ मनगटांवर. मग कपडे धुण्याच्या एका कारखान्याने चाळीस पट्ट्या घेतल्या आणि तिथल्या अकरा बायकांच्या हातावर एकही आकडा उमटेना. वाफेने पोळून पोळून त्यांची कातडी जाड झाली होती.

दुरुस्तीला मी दोन महिने मागितले. साहेब म्हणाले, "तोवर भर घाल." जिथे नाडी सापडत नाही तिथे दुसऱ्या कुणाची तरी जुनी नोंद चालवायची, याला आमच्याकडे भर घालणं म्हणतात. यातली एखादी बाई कोसळली तरी पट्टी सगळं ठीक आहे म्हणून सांगणार. मी साफ नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं.

भर कुणाची घातली ते मला परवा कळलं. माझ्या दादाची.

दोन वर्षांपूर्वी केवळ माझ्या शब्दाखातर त्याने चाळीस मिनिटं पट्टी बांधली होती. "काम झालं की पुसून टाक हं," एवढंच म्हणाला होता. साहेबांनी तसं लिहूनही दिलं होतं. पण नोंद जागच्या जागी होती आणि तिच्यात मधूनच एक ठोका गळत होता. साहेबांना ते तेव्हाच दिसलं होतं. आपण काही डॉक्टर नाही, म्हणून ते गप्प बसले. पाच महिन्यांनी दादा जिन्यात टेकला तो उठलाच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोंद पुसा म्हणून मी दोन दिवस साहेबांशी भांडले आणि पुरावा हवा म्हणून अकरा जणींचे आकडे काढले. चाळीस मिनिटांची नोंद संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला हवी होती. तशी ती होत नव्हती. मागच्या तीन दिवसांत एकही तुकडा दुसऱ्यांदा आला नव्हता. दुपारी नाडी मंदावायची, संध्याकाळी जिना चढल्यासारखी वाढायची. अकरा जणींची, एकाच क्षणी.

आज सकाळी कारखान्यात गेले. इस्त्रीच्या टेबलाशी त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या.

"पट्टी त्रास देते का मावशी?"

"छे गं. कुणीतरी हात धरून बसल्यासारखं वाटतं."

मी त्यांच्या मोकळ्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि पट्टीचा पडदा पाहू लागले. पडद्यावर ठोका गळला. लगेच बोटांखालीही गळला.

मी पुन्हा मोजलं. आधी पडदा, मग मावशी. दर वेळी तसंच. शेजारच्या बाईचा हात धरला, तिसरीचा धरला. सगळ्यांचं तेच.

"आधी असं कधी व्हायचं तुम्हाला?"

"मला काय होतंय? वर्षभरापूर्वीच तपासून घेतलं, एकदम ठणठणीत."

फोन वाजला. मावशींचा हात न सोडता मी फोन कानाशी धरला. साहेब होते.

"तुझ्या दादाची नोंद उघडून बसलोय. पुसतो, आणि विषय संपवतो."

"साहेब, थांबा. पुसू नका."

"दोन दिवस पुसा पुसा म्हणून डोकं खाल्लंस माझं."

"बायकांची नाडी त्याच्यावर चाललीय. हात जोडते, हात लावू नका."

"तुझं काही खरं नाही," ते म्हणाले. मग कळ दाबल्याचा आवाज आला.

पडद्यावर आकड्याच्या जागी आडवी रेघ आली.

बोटांखाली काही नव्हतं.

मी बोटं सरकवली, दाबली. दुसरं मनगट धरलं. मग गळ्याला हात लावला.

"झालं का गं मोजून?" मावशी म्हणाल्या. "चादरी पडल्यात माझ्या."

पलीकडे बाकीच्या दहा जणी कशावर तरी हसत होत्या. मावशींनी माझा हात बाजूला सारला आणि पुढची चादर उचलली.