चिंधी नसलेला कॅन

बसा. मोबाइल उलटे ठेवा. आणि भूषण, तू शहरात शिकतोस म्हणून मधेमधे शंका काढू नकोस. ज्याच्यावर हे गुदरलं, त्यानं ते याच ओट्यावर, तू बसलास तिथं बसून मला सांगितलं.

धनसिंग. एरंडोलच्या अलीकडच्या एका गावात ॲम्ब्युलन्स चालवायचा. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आपली सोयरीक आहे. गाडी नवी होती. नव्या डिझेल गाड्यांना तोंडं दोन. एकात डिझेल. दुसऱ्याला निळं झाकण, त्यात युरियाचं पाणी, धूर स्वच्छ करायला. पांढऱ्या कॅनमधून येतं. दिसायला पाणी, आणि सांडून वाळलं की मिठासारखे पांढरे कण.

आता आपल्याकडची रीत. आपण काही फेकत नाही. युरियाचा कॅन रिकामा झाला की धुऊन त्यात डिझेल भरून ठेवायचं, अडीनडीला. त्यामुळे धनसिंगच्या शेडमध्ये दोन सारखे कॅन. एकात डिझेल, एकात युरियाचं पाणी. ओळखायचं कसं? डिझेलच्या कॅनला लाल चिंधी बांधलेली. जर्मनीच्या इंजिनिअरांनी दोन रंगांची झाकणं काढली, आमच्या धनसिंगनं चिंधी काढली. आणि चालत होतं की!

सन दोन हजार तेवीसचा पोळा. अमावस्या. रात्री नऊला लोटनची बायको भिकुबाई गोठ्यात बैलांना चारा टाकायला गेली आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला नाग डसला. गावात लाइट नव्हती. डिझेलचा काटा तळाला. धनसिंगनं अंधारात कॅन उचलला आणि टाकीत ओतू लागला. घाईत चिंधी चाचपली नाही.

अर्धा कॅन ओतल्यावर हात चिकट लागला. त्यानं बोटं हुंगली. मुतारीसारखा वास.

त्याला कळलं.

नीट ऐका, कारण पुढचं सगळं इथूनच आहे. चूक झाली तेव्हा गाडी बंद होती. टाकीत गेलेलं टाकीतच असतं. चावी फिरवली, की ते पंपात जातं, नळ्यांत जातं, आणि इंजिनाचा जीव घेतं. शेजारी प्रेमराजची पिकअप उभी होती. 'माझ्या हातून चूक झाली, पिकअप काढा,' एवढंच म्हणायचं होतं. पण ओट्यावर अख्खी आळी उभी. पंधरा वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हर. लाज वाटली. खाली थोडं डिझेल आहे, जाईल ओढून, असं मनाशी म्हणाला...

आणि चावी फिरवली.

धुळ्याच्या दवाखान्याकडं निघाले. मागं भिकुबाई, तिच्याशेजारी लोटन. मधल्या खिडकीतून ती सारखी विचारायची, "धुये उनं का, भाऊ?"

"उनंच, अक्का. त्या काय, दिवा दिखी ऱ्हायनात."

दिवे कसले? धुळं तर लांबच, पारोळाही आलं नव्हतं. पारोळ्याच्या पुढं गाडीनं आचके दिले. दहा चाळीसला बंद. एका वाकड्या निंबाखाली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर ती विचारायची थांबली होती.

गावात धनसिंगनं सांगितलं, पंपावरच्या डिझेलात पाणी होतं. लोकांनी मानलं. पंपावर पंडित नावाचा गरीब माणूस होता. लोटनच्या भावकीनं त्याचा हात मोडला. नोकरी गेली. धनसिंग काही बोलला नाही.

पुढच्या वर्षीचा पोळा. धनसिंग एक पेशंट धुळ्याला पोचवून, दुरुस्त केलेली तीच गाडी रिकामी घेऊन परतत होता. टाकी पंपावर भरलेली. कॅन ठेवणं त्यानं सोडलं होतं. फागणं गेलं. मुकटी गेलं. रस्ता मोकळा.

वाकडा निंब दिसला.

गाडीनं आचका दिला. एक. दोन. बंद.

घड्याळात दहा चाळीस.

तो उतरला. टाकीचं झाकण उघडलं. वास आला... तोच. हात पँटला पुसला. परत केबिनमध्ये चढला. काचा वर केल्या.

मागं स्ट्रेचर करकरलं.

आरशात बघितलं नाही त्यानं. नुसतं समोर.

मधली खिडकी सरकली. हळूच.

"धुये उनं का, भाऊ?"

...

"भाऊ?"

धनसिंग शेवटी फुटला. "नही उनं, अक्का. टाकीमा युरियानं पाणी चुकीनं मीच वतं. माले मालूम व्हतं. तरी बी गाडी चालू करी."

मागं काही नाही. श्वाससुद्धा नाही. मग खिडकी... सरकून बंद झाली.

तांबडं फुटलं तेव्हा त्यानं चावी लावली. एका झटक्यात चालू. टाकीत स्वच्छ डिझेल. स्ट्रेचरवर मात्र, पाय असतो त्या टोकाला, दोन पांढरे ठिपके. बोटभर अंतरानं. वाळलेले कण. त्यानं ओल्या फडक्यानं पुसले आणि सरळ लोटनच्या दारात गेला. आज सांगायचंच.

लोटननं उठून हात धरला. "ये धनसिंगभाऊ, बस. तू व्हता म्हणीसन तिले तठलगून तरी लई गया. त्या पंडितले मात्र मी सोडसू नही." आत हाक मारून चहा मागवला.

धनसिंगनं चहा घेतला. कप खाली ठेवला. 'येतो' म्हणाला.

गाडीत येऊन बसला. डावा पाय क्लचवर ठेवायला गेला. क्लचच्या रबरावर दोन पांढरे ठिपके.

त्या दिवसापासून त्यानं गाडी सोडली. आता ती नवल नावाचा पोरगा चालवतो. त्याला काही दिसत नाही.

हे सगळं सांगून धनसिंग उठला. मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग, बाबा? लोटनला सांग." तो अनवाणीच निघून गेला. चपला इथंच राहिल्या. मला वाटलं, विसरला. उचलून बाजूला ठेवायला गेलो, तर डाव्या चपलेवर, अंगठ्यापाशी...

पुसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्या काय, तुझ्या मागंच आहेत, सारिका. कोपऱ्यात. अजून टाकल्या नाहीत. आपण काही फेकत नाही.